पाणी पिवळं की गुलाबी

तीर्थस्वरूप सौ. अक्का,

धाकट्या किरणचा दोन्ही हातांनी नमस्कार (हात ओले आहेत, म्हणून शाई पसरलीय). तुझी कंबर आता कशी आहे? दोंडाईच्यात भाऊजींच्या दुकानाला गिऱ्हाईक बरं असेल. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन आबांच्या टाकीच्या तळाशी आहे आणि पाणी इतकं पांढरं झालंय की तळ दिसत नाही.

टाकी म्हणजे पोहायची. केळीवाल्या सुकदेव आबांनी जळगावात बंगल्यामागे बांधली आणि मला कामावर ठेवलं, का तर मी केमिस्ट्रीवाला. (कॉलेज का सोडलं ते तू जाणतेस. प्रॅक्टिकलला सर म्हणाले द्रावण गुलाबी झालं, मी म्हणालो नाही झालं. ते ऐकेनात, मी नळी टेबलावर आपटून निघून आलो. खोट्याला मी खोटंच म्हणणार.) इथलं काम सोपं. नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. पिवळा आला तर पाणी आंबट, सोडा टाकायचा. गुलाबी आला तर सोडा जास्त झाला, ॲसिड टाकायचं. माझ्याकडे रोज पिवळसरच येतो आणि मी इमानाने सोडा टाकतो. चार दिवसांपूर्वी आबांचा नातू डोळे चोळत बाहेर आला, तसे आबा काठावरून ओरडले, "कारे किरण्या, हाई पानी शे का ताक शे? ऐतवारले धुयाना पाव्हना येतीन. तवलोंग साफ व्हयनं नही तर साक्रीनी गाडी धर!" रविवारी धुळ्याचे पाहुणे येईपर्यंत पाणी साफ झालं नाही, तर घरी साक्रीला जायला माझी ना नाही, पण साक्रीत दिपमाला नाही.

दिपमाला म्हणजे टाकीच्या औषधांच्या दुकानात पाणी तपासून देते ती. (फोनवर सांगितलंच होतं, केशरी ड्रेसवाली.) मी बाटली नेली. तिने थेंब टाकले आणि म्हणाली, गुलाबी. मी म्हणालो, पिवळसर. ती म्हणाली, तुम्ही पाणी वरवरचं भरता, तेही सोडा टाकल्या टाकल्या. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी काउंटर उलटा केला असता. मी नुसता "बरं" म्हणालो. दुसऱ्या दिवशी सोडा टाकण्याआधी, कोपरापर्यंत हात घालून बाटली भरली (खिशातला फोन तेव्हाच गेला). तरी तिचं गुलाबी, माझं पिवळसर. काल तिसरी बाटली. तिने नळी खाली ठेवली, जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एक विचारू? दुकानात तरी तो गॉगल काढता का?"

काढला. (पिवळ्या काचांचा, जत्रेतला. मला शोभतो असं तूच म्हणाली होतीस.)

नळी गुलाबी होती. चांगलीच गुलाबी. "आता काय दिसतं?" तिने विचारलं. मी भलतीकडेच बघत होतो, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

तिच्या सांगण्याप्रमाणे सोडा बंद करून ॲसिड टाकलंय. आज टाकीच्या दोन पायऱ्या दिसल्या. रविवारपर्यंत फोनही दिसेल असं ती म्हणते. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
किरण

ता. क. : पाणी सुधारलं की बाटली न्यायचं कारण संपणार. तेव्हा रविवारी तूच जळगावला ये आणि तिच्या घरी बोलून बघ.

आणखी एक : तुझ्याकडून मागवलेली केशरी ओढणी आणू नकोस. ड्रेस गुलाबी आहे. मी तिच्या तोंडावर केशरी रंगाची तारीफ केली तेव्हा ती का हसली, ते आता कळलं.

शेवटचं : यावरून बाबांपाशी माझ्या कॉलेजचा विषय काढू नकोस. तेव्हाचा गॉगल वेगळा होता.