उजव्या अंगठ्याचं नख

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याबद्दल वाईट बोलले तरी कुणाच्या जिवाला लागणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही गेल्याचं मला शेजारणीनं सांगितलं होतं. आपल्या शाळेतल्या त्या उंच बाई गेल्या, फार शिस्तीच्या होत्या, असं ती हळहळून म्हणाली. मी हो म्हटलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी चांगली फुगली, मी ती पोटभर खाल्ली. हे मुद्दाम सांगते, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची आपल्याकडे रीत आहे आणि मला ती आज पाळायची नाही.

तुम्ही बसनं यायचात, पार गावाच्या दुसऱ्या टोकाहून. पूर्व भागातली आमची ती म्युनिसिपालटीची शाळा, दोन्ही बाजूंनी यंत्रमागांची खडखड, त्यामुळे तुम्हाला कायम आवाज चढवून बोलावं लागायचं आणि त्याचाही राग तुम्ही आमच्यावरच काढायचात. आम्ही घरी तेलुगू बोलायचो, गल्लीत अर्धं तेलुगू अर्धं मराठी, आणि शाळेत तुमचं मराठी ऐकायचो. ते मला रेडिओवरच्या बाईसारखं वाटायचं. तुमच्यासारखं बोलता यावं म्हणून मी घरी भिंतीकडे तोंड करून तुमचीच वाक्यं म्हणायची. अम्मा हसायची. वडील मी पहिलीत असतानाच वारले होते आणि घर अम्माच्या विड्यांवर चालायचं. ती पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायची. विडीचं तोंड दुमडायचं काम माझ्याकडे. त्यासाठी लोखंडी सळई मिळते, पण सळईनं पान फाटतं आणि नखानं अलगद आत जातं, असं अम्माचं म्हणणं. म्हणून माझ्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. बाकीची नखं अम्मा स्वतः वेळच्या वेळी कापायची, तेवढी ती नीटनेटकी होती. तुम्ही ते कधी बघितलं नाहीत.

सोमवारी तुम्ही सगळ्यांचे हात बघायचात. तिसरीतला एक सोमवार. आम्ही तरटपट्टीवर रांगेनं बसलो आहोत, हात पुढे केलेले, आणि मी अंगठा मुठीत दडवला आहे. तुम्ही लाकडी पट्टीच्या कडेनं माझ्या मुठीवर मारता, मूठ उघडते. नख बघायच्या आधी तुम्ही वाकून हाताचा वास घेता, तोंड फिरवता आणि मला वर्गासमोर उभं करता. एकेकानं यायचं, हिचा हात हुंगायचा आणि कसला वास येतो ते मोठ्यानं सांगायचं. सगळे आले. ज्यांच्या आया अम्माबरोबरच वळलेल्या विड्या कारखान्यात घालायला जात त्या पोरीही आल्या, नाक धरून तंबाखू म्हणाल्या, आणि स्वतःचे हात पाठीमागे लपवून जागेवर गेल्या. मग तुम्ही टेबलाच्या खणातून पेन्सिलीला टोक काढायचं अर्धं ब्लेड काढलंत. मी हळूच म्हटलं की बाई, कापू नका, विडीला लागतं ते. तुम्ही माझं वाक्य माझ्याच सुरात, माझ्याच मोडक्या उच्चारात वर्गाला म्हणून दाखवलंत. पोरं हसून हसून लोळली. नख कापलंत ते मुळापर्यंत, मांसात जाईपर्यंत. रक्त आलं तेव्हा ब्लेड माझ्याच झग्याला पुसलंत, अंगठ्यावर खडूची भुकटी दाबलीत आणि म्हणालात की स्वच्छतेनं कुणी मरत नाही. तेव्हा तुम्हीही हसलात. तुमचे दात फार सुंदर होते.

अम्मानं अंगठा बघितला आणि माझ्या तोंडात मारली. मूठ घट्ट धरता येत नव्हती का, असं तिचं म्हणणं. चिंधी बांधून तिनं मला डाव्या अंगठ्यानं तोंडं दुमडायला बसवलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर कारखान्यात गेले. विड्या तपासणाऱ्या चेकरनं आमचे कट्टे, म्हणजे विड्यांच्या बांधलेल्या जुड्या, हातात घेतले, तोंडं बघितली आणि ते सगळे मुठीत चुरगळून तिच्या पायांपाशी टाकले. इतर बायका बघत होत्या. अम्मा खाली बसून तो चुरा पदरात भरायला लागली तर चेकर म्हणाला, तोही इथेच राहू दे. घरी आल्यावर तिनं चेहरा धुतला, सणाचं लुगडं नेसलं आणि माझा हात धरून शाळेत आली. मला वाटलं, आता भांडण होणार. मला ते हवं होतं, बाई. अम्मा गल्लीत भांडायला उभी राहिली की नळावरच्या बायका घागरी घेऊन मागे सरायच्या.

पण शाळेच्या दारात अम्मानं चपला काढल्या. तुम्ही टेबलाशी काहीतरी लिहीत होतात. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली आणि जेवढं मराठी येत होतं तेवढं गोळा करून म्हणाली, "बाई, पोरीला नख ठेवाया लागतंय की. कामाला पायजे."

तुम्ही मान वर केली नाहीत. "मग घरीच ठेवा तिला. इथे असली घाण चालणार नाही."

"बरं बाई," अम्मा म्हणाली.

तुम्ही रागानं बोललात. अम्मानं ते परवानगी समजून घेतलं. शिकलेल्या बाईनं सांगितलं, घरी ठेवा, तर घरी ठेवायचं. परत जाताना ती जवळजवळ खुशीत होती. बाई चांगल्या आहेत, काही बोलल्या नाहीत, असं तिनं शेजारणीला सांगितलं. तुमचा शब्द आमच्याकडे इतका मोठा होता आणि तुम्ही तो डोकं खाली घालून टाकलात. माझी पाटी धाकट्या भावाला मिळाली.

तेव्हा शाळेत एक पद्धत होती, तुम्हाला आठवत असेल. कुणी चार दिवस दिसलं नाही की तुम्ही सातवीतली चार दांडगी पोरं त्याच्या घरी पाठवायचात. ती त्याचे हातपाय धरून उचलायची आणि अख्ख्या गल्लीतून बोंबलत शाळेत न्यायची. त्या प्रकाराला मी फार भ्यायची. आता विड्यांचं सूप मांडीवर घेऊन मी मुद्दाम दारात बसायला लागले. ओढून न्यायला सोपं जावं म्हणून चौकटीलाही टेकत नसे. मनात ठरवलं होतं, थोडे पाय झाडायचे, थोडं रडायचं, म्हणजे अम्माला वाईट वाटणार नाही. आणि एका सकाळी ती पोरं आली. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा आरडाओरडा ऐकला आणि मी सूप खाली ठेवून हात पुसले. ती आमच्या दारावरून पुढे गेली, दोन घरं सोडून राहणाऱ्या एका पोराला उचलून परत आमच्याच दारावरून गेली. तो गुरासारखा ओरडत होता. एकानं माझ्याकडे बघितलंही. मी ओरडून म्हणायला हवं होतं की मलापण न्या, पण असं कोण म्हणतं. अम्मानं आतून विचारलं, हात का थांबले.

त्यानंतर बरीच वर्षं मी तोंडं दुमडली, मग स्वतः विड्या वळायला लागले. चेकर माझे कट्टे न बघता घ्यायचा. लग्नाचं बघणं चालू झालं त्या सुमाराला सरकारनं प्रौढ शिक्षणाचे वर्ग काढले. आमच्याच शाळेत, संध्याकाळी, त्याच खोलीत, आणि शिकवायला तुम्ही. तुम्हाला चष्मा लागला होता. कारखान्याच्या बायका लाजत, एकमेकींना ढकलत तरटपट्टीवर बसल्या, अम्मा आणि मीही बसलो. तुम्ही फळ्यावर अक्षरं काढलीत. मला ती सगळी येत होती, तुम्हीच शिकवली होती. पण ओळख द्यायची नाही असं ठरवून मी मुकाट्यानं पाटीवर उतरवली, आणि अक्षरं हातातून सुटावीत तसे पुढे आणखी दोन शब्द आपोआप लिहिले गेले. तुम्ही पाटी उचललीत, उजेडात धरलीत आणि ही कुणाची मुलगी म्हणून विचारलंत. अम्मा उभी राहिली.

"इतकी हुशार मुलगी," तुम्ही म्हणालात, "हिला लहानपणी शाळेत का नाही घातलं?"

मी अम्माकडे बघितलं. तिला सगळं आठवत होतं, तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसलं. तिनं हात जोडले. "चुकलं बाई. आमी अडाणी की."

मग तुम्ही सगळ्या बायकांकडे वळून समजावून सांगितलंत की आईबापांच्या अज्ञानामुळे पोरांचं कसं वाटोळं होतं. बायका माना हलवत होत्या. अम्मा हात जोडून तशीच उभी होती, कारण तुम्ही तिला बस म्हणाला नव्हतात. बोलता बोलता तुम्ही माझ्यापाशी आलात आणि माझ्या पाठीवर हात ठेवलात. अम्मा पुन्हा त्या वर्गाला आली नाही. मी शेवटपर्यंत गेले. आज हे लिहिता येतंय ते त्यामुळेच, हेही तुमचंच देणं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे आणि दर वेळी शेवटी म्हणते की तुमचा हात पाठीवर पडला तेव्हा अंगाची नुसती आग झाली. ते खोटं आहे. हे पत्र कुठल्या पेटीत पडायचं नाही, अम्माही आता नाही, म्हणून इथे लिहून टाकते. ती माझ्या डोळ्यांसमोर हात जोडून उभी होती, बाई, आणि मला आनंद झाला होता.