धोंड्याच्या महिन्यातलं घर

२७ एप्रिल २०२६

चि. सौ. आरतीस आईचा आशीर्वाद.

आमी सगळी बरी. तू बरी न्हाईस, हे मला कळलंय. गेणभाऊ भोसरीला भाजीची पिकअप खाली करून आला नि म्हणाला, आरतीताईनं रिकामे क्रेट मागून घेतले. तुझ्या घरात टोमॅटो पिकत न्हाईत. मग क्रेट कशाला? सामान भरायला. जाणार कुठं, ते आईला आधी सांगायचं का गेणभाऊला?

फोन करू नको. वाडीत रेंज न्हाई, टेपाडावर चढून वरडावं लागतं, नि फोनवर तू नुसतं बरंय, बरंय म्हणतीस. कागदावर लिही नि गेणभाऊकडं दे.

परवा दुपारी हिरड्याखाली डोळा लागला. बघते तर तुझी खोली आपल्या भातखाचरात उतरलेली. तिसरा मजला, पण जिना न्हाई. तू गॅलरीतनं वाकून करवंदं तोडत व्हतीस, नि घर पाण्यावरच्या पानासारखं हालत व्हतं. जागी झाले नि माझाच मला राग आला. दुपारी झोपायला मी काय म्हातारी झाले?

आशीर्वाद आहेतच, पत्राची वाट मात्र बघायला लावू नको.

— आई

३ मे २०२६

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

पत्रातून तुझा आवाजच ऐकू आला, म्हणून दोनदा वाचलं. लग्नानंतर भाड्यानं घेतलेल्या या फ्लॅटचा अकरा महिन्यांचा करार १६ मेला संपतोय. मालक भाडं बारावरून एकदम सतरा हजार करतोय. माणूस वाईट नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये एवढंच मिळतं, म्हणाला. ते भरलं तर उरलेल्या पगारात नुसतं खिडकीतून बघत बसायचं. मोशीच्या पुढं एक खोली परवडणारी आहे, पण ती जूनच्या मध्यावर रिकामी होते. मधला महिना आम्हांला घर नाही. पारगावला ह्यांच्या घरी दोन खोल्यांत सात माणसं, तिथलं नावच नको. हे चाकणला मित्रांच्या खोलीवर झोपतील, मी हडपसरला नणंदेकडे.

तू बोलावशील म्हणून कळवलं नव्हतं. हे येणार नाहीत. महिनाभर सासरवाडीला राहिलो तर लोक घरजावई म्हणतील, म्हणतात.

हल्ली मी मोबाईलवर भाड्याची घरं बघत बसते. परक्यांची स्वयंपाकघरं, पुसलेल्या फरश्या, खिडकीत एखादी तुळस. बघता बघता झापड येते आणि मी त्या घरांतून चालत राहते. एकातून दुसऱ्यात. दारं आपोआप उघडतात, भाडं कुणी सांगत नाही. मग खाली पाण्याचा पंप सुरू होतो आणि मला वाटतं, आपला ओढाच.

रागावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

— तुझी आरती

७ मे २०२६

रा. रा. जावईबापू सुदर्शनराव यांस अंजनाबाईचा नमस्कार, वि. वि.

मला गोड लिहिता येत न्हाई, चौथीत शाळा सुटली. १७ तारखेला अधिक महिना लागतोय, धोंड्याचा. लग्नानंतरचा तुमचा पहिला. जावयाला बोलवून अनारसं खाऊ घालत्यात, हे तुमच्या पारगावालाबी ठाऊक आहे. तुमी आला न्हाईत तर वाडी मला विचारंल, लेक नांदत न्हाई काय.

घरजावयाचं म्हणाल, तर धोंड्यात जावई म्हंजे विष्णू. सप्त्याच्या कीर्तनात बुवा सांगत व्हते, लक्ष्मी समुद्रातनं निघाली. म्हंजे समुद्राची लेक. नि विष्णू झोपलाय कुठं? समुद्रातच, सासऱ्याच्या घरी. तेबी पाय चेपून घेत. त्याला कुणी घरजावई म्हटलेलं मी ऐकलं न्हाई.

तुमचा मालक अकरा महिने देतो. यंदाचं साल तेरा महिन्यांचं. उरलेलं आमच्याकडं. मंचरपर्यंत मोटारसायकल, पुढं कंपनीची बस मिळती, मी विचारलंय. सामान गेणभाऊ उचलंल. आता काजव्यांचे दिवस येत्यात, झाडं आपली आपणच उजळत्यात.

कळावे, आणि निघावे.

— अंजनाबाई

१८ जून २०२६

चि. सौ. आरतीस आईचा आशीर्वाद.

पोचल्याचा निरोप मिळाला. नव्या खोलीला खिडकी कुठल्या अंगाला आहे, ते लिही.

इथं घर लई मोठं झालंय, मला आवडत न्हाई. पहिले दिवस जावईबापू बूट तोंड बाहेर करून पायरीवर ठेवायचे, यष्टी चुकंल असे. शेवटी शेवटी एक बूट अंगणात, एक कुत्र्याच्या तोंडात. निघायच्या आदल्या संध्याकाळी खळ्यात उभे व्हते. ऐनाचं झाड काजव्यांनी सगळं एकदम पेटायचं, एकदम विझायचं. मला म्हणाले, आई, एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत सगळ्यांना जागा कशी मिळाली? मला आई म्हणाले, अंजनाबाई न्हाई. मी म्हटलं, भाडं घ्यायला कुणी येत न्हाई म्हणून.

शेजारची कुशाबाई रोज विचारायची, पावणं अजून हायतीच का. मी म्हणायचे, धोंडा हाय. तिचं तोंड बंद.

नव्या खोलीचा करारबी अकराच महिन्यांचा, असं तू म्हणालीस. मी बोटावर मोजलं. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. म्हंजे येत्या मे महिन्यात पुन्हा भाडं वाढलं, तर कुशाबाईला सांगायला माझ्याकडं काही नसंल.

नसू दे. तुमी या.

— आई