चांगोशेटचं घर आणि दोन गिऱ्हाइकं

मुंबई, काळबादेवी
ता. ४ ऑगस्ट १९३१

ती. सौ. गौराताईस,
सखारामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. पत्रास कारण असं, की दहा वर्षं या पेढीत दुसऱ्यांचं कापड मापून गाठीला थोडं जमलं आहे आणि ते जागेत घालायचं मी ठरवलं आहे. कुठल्या, एवढंच ठरायचं बाकी आहे. एक विचार असा, की माथेरानात बंगला बांधावा आणि उन्हाळ्यात साहेबलोकांना भाड्याने द्यावा. दुसरा, खालापुराकडे भातशेत घेऊन अर्धेलीने लावावं. तिसरा, रस्त्याकडेची जमीन आज घ्यावी आणि भाव चढला की विकून मोकळं व्हावं. पेढीतले सगळे तिसऱ्याच्या बाजूचे आहेत, कारण त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. तुझं मत कळव, पण हसू नकोस. दाजी घाटातल्या कामावरून घरी आले की माझा नमस्कार सांग.

लोभ आहे तो असाच राहू द्यावा.
सखाराम


खोपोली
ता. १२ ऑगस्ट १९३१

चि. सखारामास,
गौराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसू नकोस म्हणालास म्हणून आधी हसून घेतलं आणि मग लिहायला बसले. माथेरानात विटा घोड्यावरून चढतात आणि भाडं माळ्याच्या खिशात उतरतं. पावसाळ्यात तुझ्या बंगल्यात माकडं राहतील आणि ती भाडं देत नाहीत. शेताचं म्हणशील तर लहानपणी लावणीला उतरलास तेव्हा एक जळू लागली म्हणून सारं खालापूर गोळा केलं होतंस. आणि विकून नफा काढणं तुझ्या हातून व्हायचं नाही. जन्मात एक बोकड विकायला नेलास, तोही गिऱ्हाईक रडकुंडीला आलं म्हणून फुकट देऊन आलास.

माझ्या मते पहिली जागा अशी घ्यावी जिथे आपण स्वतः राहू आणि उरलेल्या खोल्यांच्या भाड्यावर घर चालेल. डोळ्यांसमोरच्या घराची कौलं कोणी काढून नेत नाही.

इकडची बातमी म्हणजे आमचे घरमालक चांगोशेट पेणला मुलाकडे राहायला निघाले आहेत आणि हे घर विकायला काढलं आहे. विजेच्या कारखान्यातली माणसं माझ्या खानावळीत जेवतात, ती जवळ आहे म्हणून. घर गेलं तर चूल कुठे मांडायची ते कळत नाही. बघू. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच, पत्र मात्र लौकर धाडावं.
गौरा


मुंबई
ता. ३० ऑगस्ट १९३१

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या घराचं वाचलं. होईल काहीतरी. माझं माथेरानचं जवळजवळ ठरलं आहे, तेव्हा माकडांना नीट वागायला सांगून ठेव.

एक सल्ला हवा आहे, माझ्यासाठी नव्हे. पेढीतला एक मित्र कर्जतला घर घेतो आहे. काही कारणाने त्याला नाव पुढे करायचं नाही, म्हणून दलाल मध्ये घातला आहे. सौदा होत आला आणि कोणी बाई आडवी आली. तीही पडद्याआडून बोली लावते. अशा बाईचं काय करावं?

पत्राची वाट बघतो, लोभ तर आहेच.
सखाराम


खोपोली
ता. ९ सप्टेंबर १९३१

चि. सखारामास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मित्राला सांग, बायका हौसेने घरं घेत नाहीत. तिची पुंजी बेताची असणार. एकदा चांगली बोली वाढवावी म्हणजे ती रडेल आणि गप्प बसेल. दया दाखवायला जाऊ नये.

आता तू मला सांग. शेजारची सोनुबाई साजगावात घर बघते आहे आणि मुंबईचा कोणी शेटजी तिच्या वर बोली लावतो आहे. तिचा दलाल म्हणतो, बाय, मागं हटू नको, ह्यो मुंबईवाला लई दिस टिकनार नाय. बिचारीच्या जिवाला घोर लागला आहे, जेवण जात नाही तिला. तुझं काळबादेवीचं शहाणपण काय सांगतं?

उत्तर वेळेवर यावं, नाहीतर आशीर्वाद परत घेईन.
गौरा


मुंबई
ता. १७ सप्टेंबर १९३१

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सोनुबाईला धीर दे. मुंबईचे शेटजी मी रोज बघतो; वरून कोट, आत ठिगळ. आणखी एक बोली लाव म्हणावं, म्हणजे पळतो की नाही बघ. लागलं तर थोडं सोनं मोडावं, ते पुन्हा करता येतं.

मित्राने तुझ्या सांगण्याप्रमाणे बोली वाढवली. बाई रडली वगैरे काही नाही, उलट तिने त्याच्यावर वाढवली. असली हटेल बाई मी ऐकली नव्हती. तिचा नवरा कसा नांदत असेल कोण जाणे. मित्र आता हातातली अंगठीसुद्धा विकणार आहे.

गडबडीत लिहिलं, चूकभूल पोटात घालावी.
सखाराम


खोपोली
ता. २० ऑक्टोबर १९३१

रा. रा. सखारामभाऊ यांस,
चांगोशेट याचा रामराम. वि. वि.

तुम्ही मला एकदाच पाहिलं आहे, बहिणीच्या खानावळीत जेवताना. परवा धोंडी दलाल माझ्याकडे इसार म्हणून सोन्याच्या पाटल्या घेऊन आला. आमच्या मंडळी पाटल्या बघताच म्हणाल्या, ह्या गौराबाईंच्या आईच्या. आठ वर्षं ह्याच पाटल्यांच्या हातांनी वाढलेली भाकरी आम्ही खाल्ली आहे, आम्हांला त्या परक्या कशा वाटतील? मग मी धोंडीला ओटीवर बसवला आणि दुसरं गिऱ्हाईक कोण ते विचारलं. त्याने तुमचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं, की भाऊबीजेला बहिणीच्या ताटात हे घर घालण्याचा तुमचा बेत होता. भाऊबहिणीला एकमेकांविरुद्ध का उभं केलंस म्हणून मी रागावलो तर म्हणतो कसा, आता माजी काय चूक? दोगांनीबी बजावलं हुतं, कुनाला नाव सांगू नको, म्हनून मी नाय सांगितलं.

आमच्याकडे घराचा सौदा समोरासमोर बसून, सुपारी फोडून होतो. तुम्ही दोघांनी तोंडं लपवलीत आणि वाटेल ती बोली वाढवलीत. वाढीव बोली मला नको. त्या पैशाचं अन्न पेणला जाऊन पचायचं नाही. पहिल्या दिवशी सांगितली होती ती किंमत, आणि समोर येईल त्याला घर. हे तुमच्या बहिणीलाही सांगितलं आहे.

वडीलधाऱ्याचं लिहिणं रागाने घेऊ नये, ही विनंती.
चांगोशेट


खोपोली
ता. ३ नोव्हेंबर १९३१

चि. सखारामास,
गौराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल चांगोशेटपुढे बसून सुपारी फोडली. घर माझं झालं. खानावळीतून साठवलेलं पहिल्या किमतीला पुरलं, पाटल्या परत हातात आल्या. तू अंगठी विकली असशील तर आधी ती परत विकत घे.

चांगोशेटनी तुझं नाव सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. मग चुलीपाशी जाऊन रडले. राग आला तो बोलीचा नाही. मी सख्ख्या भावाकडे मागायला लाजले आणि तू सख्ख्या बहिणीला सांगायला लाजलास, याचा आला. आईच्या पाटल्या मोडत होते ते तुझ्यापासूनच लपवत होते, सखा. भाऊ असताना बहिणीने सोनं मोडलं असं लोकांनी तुला म्हणू नये म्हणून. आणि तू तेव्हा माझ्यासाठीच माझ्याशी भांडत होतास. एवढी माया मला दलालाच्या तोंडून कळावी, हे काही बरं झालं नाही.

आता तुझ्या गुंतवणुकीचं. मागच्या परसात चार खोल्या बसतील. कारखान्याची माणसं जेवायला येतात आणि निजायला जागा शोधत फिरतात. खोल्या तू बांध, त्यांचं भाडं तुझं. जमीन माझी, म्हणून जमिनीचं भाडं माझं. मी हटेल बाई आहे, त्यात एक पै सोडायची नाही, आणि तुझे दाजी माझ्याजवळ सुखाने नांदत आहेत हे स्वतः येऊन बघ.

भाऊबीजेला ये. ताटात काही घालू नकोस, नुसता समोर बस.

लोभ आहेच, तो वाढवायला धोंडी लागत नाही.
गौरा