नावाची जागा सोडलेली पिवळी चादर

मी टॉवेल-चादरींवर मशीननं नावं भरते. वय चोवीस. आज पूर्ण शुद्धीत आहे. भीती वाटते, पण डोकं ठिकाणावर आहे. उद्या छातीचं ऑपरेशन. परत आले तर हा कागद मीच फाडीन. नाही आले तर असं करा.

१. मुलगी दीड वर्षाची. ती बटणवाल्या मावशींकडे राहील. त्या नात्यातल्या नाहीत, कारखान्यात माझ्या शेजारी बसून बटणं लावतात. पोरीला बापाकडे देऊ नये. गेल्या महिन्यात तो दारात येऊन म्हणाला, "पोरगी माझी आहे." मी म्हटलं, "मग झोपताना तिला हातात काय लागतं ते सांग." तो पाठ फिरवून निघून गेला. माझ्या ओढणीचं टोक लागतं. ओढणी धुवू नका.

२. घरची शिलाई मशीन मावशींना. पायडल अडतं. शिव्या दिल्या की चालतं.

३. मोठी कात्री वहिनीला. मी ती चोरली असं ती माझ्या लग्नापासून सांगत फिरते. चोरली नव्हती, आईनं दिली होती. तरी घे बाई, आणि एकदा पोरीला बघून जा.

४. पोरीची पिवळी चादर. इंग्रजीत नाव भरलं की शेवटी वर स्वल्पविरामासारखी एक शेपटी काढतात, मग एस. कारखान्यातल्या मास्तरांनी शिकवलं, "शेपटी म्हणजे आपलं चा, ची, चे. जिच्या नावाला लागली, तिची वस्तू." गिऱ्हाईक नसलं की आम्ही शेपटी आणि एस आधीच भरून गठ्ठा लावतो, नावाची जागा सोडतो. या चादरीवर मी तेवढंच भरलंय. पुढं हात धजेना. नाव भरलं की सगळं आवरून निघाल्यासारखं वाटेल.

मावशी, तिथं बापाचं नाव नको, माझं नको, तुमचंही नको. पोरीचंच घाला. चादर तिची आहे. पोरगी म्हणजे कुणाची चादर नाही. तुम्ही कधी अक्षरं भरली नाहीत, ठाऊक आहे. वाकडं आलं तरी उसवू नका.

मशीन मावशींना मिळणार, म्हणून त्यांची साक्ष नको, असं मास्तर म्हणाले. मग दुसरं माणूस सापडेना. या शहरात एवढ्या वर्षांत सही मागावी इतकं ओळखीचं कुणी नाही. शेवटी जिन्याखालच्या चावीवाल्यांना बोलावलं. एकदा त्यांनी माझी किल्ली करून दिली होती, तेवढीच ओळख. वाचून त्यांनी विचारलं, "ताई, उद्या सोबत कोण आहे?" मी पेन पुढं केलं. सही करून म्हणाले, "दवाखान्यात दुपारपर्यंत मी बसेन."

साक्षीदार: १. मास्तर २. चावीवाले
ठिकाण: कारखान्याची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत
सही: केली. अंगठा नाही, पूर्ण नाव.