गाडीचा फॉल्ट सापडला

चिमणे,

गाडीचा फॉल्ट मला पहिल्याच दिवशी सापडला होता. फ्युएल पंपाचा फ्यूज उडाला नव्हता, तो जागेवरच नव्हता. फ्यूजला काही पाय फुटत नाहीत. मी फाटकाला गाडी घासली तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर लागलाय, ते कळतं मला. माझ्या डब्यात तसले फ्यूज पडलेत, पण लावला नाही. उगाच वायरी तपासत बसलो, कारण कामावरून आलीस की तू टॉर्च धरून शेजारी बसायचीस.

डोळे दाखवायला चालत जातोय. तुझ्या पर्समधला फ्यूज लाव आणि मला न्यायला ये. यापुढे गाडी तूच चालव.

संध्याकाळी टॉर्च घेऊन मात्र बसत जा. फॉल्ट मी काहीतरी काढेन.

बाबा