अठरा रकाने, अठरा बरोबर

४ मार्च, सोमवार. सकाळी सहा.
आजपासून रोज डायरी लिहिणार. मोठी माणसं लिहितात. वही स्टोअरमधून घेतली. स्टोअरच्या मॅडमना सांगायचं राहिलं, नंतर सांगणार.
ध्येय : या साइटवरचे सगळे धंदे शिकायचे. दोन दिवसांत एक. प्लंबर, वायरमन, सुतार, गवंडी, पेंटर. महिन्याभरात सगळं आलं की आपण कंत्राटदार. शाळा आठवीत सुटली तर सुटली. बिल्डिंगला कोणी मार्कशीट विचारत नाही.
दाजींना ध्येय सांगितलं. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. वेल्डर आहेत. मला इतक्या लांब कामाला त्यांनीच आणलं, खोलीही एकच. ते म्हणाले, आधी अंघोळ कर.

५ मार्च.
प्लंबरचा धंदा म्हणजे पाइपला पाइप जोडणे, बस. मी जोडले. पाणी सहाव्या मजल्यावर सोडलं, ते चौथ्यावर सुताराच्या डोक्यावर आलं. प्लंबर म्हणाला, तू कशाला हात लावू नकोस, नुसता बघत बस.
म्हणजे माझं निरीक्षण चांगलं आहे.

७ मार्च.
वायरमन. या माणसाचं सगळं काम नाकाने. डबा उघडला की आधी वास घेतो, मग टेस्टर. मला आधी वास घ्यायचा हे कोणी सांगितलं नव्हतं. तीन फूट मागे जाऊन पडलो. वायरमन म्हणाला, शिकलास ना आता, जा.
अर्ध्या दिवसात शिकलो. रेकॉर्ड असेल.

९ मार्च.
सुतार. एक डोळा मिटून फळी बघतो आणि सांगतो, इकडे सूतभर वर आहे. मीही डोळा मिटला. कुठला मिटायचा ते त्याने सांगितलं नाही. दरवाजाची चौकट तिरकी बसली. परत काढावी लागली.
आता साइटवर सगळे मला ऑलराउंडर म्हणतात. हसत हसत म्हणतात. कौतुक माणूस हसतच करतो.

११ मार्च, सोमवार.
प्रमोशन!!
मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. एसी चालू होता. म्हणाले, तुला कुठलंच काम येत नाही असं सगळे सांगतात, मला असाच माणूस हवा होता. आजपासून तू लिफ्टचा सेफ्टीवाला. पांढरं हेल्मेट दिलं. साइटवर पांढरं हेल्मेट फक्त मॅनेजरचं आणि माझं.
लिफ्ट म्हणजे बिल्डिंगच्या बाहेरून जाणारा लोखंडी पिंजरा, जाड तारेच्या दोरावर लटकलेला. चौदा मजले. 'फक्त मालासाठी' अशी पाटी आहे, पण बसतात सगळेच. पिंजऱ्याची चावी माझ्याकडे. रोज सकाळी सगळं तपासायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची. फॉर्म इंग्रजीत आहे. मॅनेजर म्हणाले, वाचत बसू नकोस. अठरा रकाने आहेत, अठराही ठिकाणी बरोबरची खूण, खाली सही.
आधीचा सेफ्टीवाला एक दिवस अचानक काम सोडून गेला. बूटसुद्धा नेले नाहीत. माझ्याच मापाचे निघाले. योग असतो.

१२ मार्च.
जुनं रजिस्टर चाळलं. आधीच्या माणसाने शेवटचे दहा दिवस एकाच रकान्यात फुली मारलीय. रोज तीच. एकदा तर पेन इतकं दाबलंय की कागद फाटला. निराश स्वभाव.
दुपारी मॅनेजरने ते रजिस्टर घरी नेलं. मला नवं कोरं दिलं.

१४ मार्च.
सहीत सुधारणा केली. खाली एक रेघ आणि दोन टिंबं. भारदस्त दिसते.
तपासायचं म्हणजे चौदाव्याच्याही वर शिडीने जायचं, जिथे दोर चाकावरून जातो. मॅनेजर म्हणाले, त्याला तासभर लिफ्ट बंद ठेवावी लागते, कशाला? बरोबरच आहे. माझी नजर चांगली आहे, खालूनही सगळं दिसतं. उंचीची मला भीती अजिबात नाही. फक्त वर वारा फार असतो.

१८ मार्च.
थापीकाका म्हणून प्लास्टरवाले आहेत, साठीचे. भिंतीवरून तळवा फिरवला की कुठे पोकळ आहे ते सांगतात. आज सकाळी नवव्या मजल्यावरून थेट माझ्यासमोर आले आणि तळवा उघडून दाखवला. लिफ्टच्या बाजूच्या भिंतीवर हात फिरवत होते, तर ओल्या प्लास्टरमध्ये तारेचे बारीक तुकडे. केसांएवढे. तळव्यातून रक्त आलं होतं. म्हणाले, हे वरून पडतंय, बाळा.
मी म्हणालो, काका, वाळू नीट चाळून घेत जा.
त्यांनी तळवा मिटला. मग जिन्याकडे गेले. दुपारी जेवून परत वर जातानाही जिनाच. या वयात नऊ मजले. व्यायामाची हौस दांडगी.

२० मार्च.
सुतार समोरच्या पत्र्याच्या शेडजवळ उभा राहून एक डोळा मिटून पिंजऱ्याकडे बघत होता. पिंजरा वर जाताना बघितला, खाली येताना बघितला. मी विचारलं, काय मिस्त्री, किती सूत? त्याने हत्यारांची पेटी खांद्यावर घेतली आणि जिना चढायला लागला. मागोमाग त्याची सगळी गँग.

२१ मार्च.
वायरमनने मोटरच्या डब्यात नाक घातलं. म्हणाला, मोटर रडतेय, हिला कोणीतरी मागे ओढतंय. मी म्हणालो, तुला सगळं रडकंच दिसतं. तो म्हणाला, बरं. तोही जिन्याने.

२३ मार्च.
आता प्लंबरसुद्धा. पेंटरने जिन्याचा कठडा आधी रंगवायला घेतला, म्हणे रहदारी वाढलीय. प्रत्येक मजल्यावर कोणीतरी दम खायला चार-चार विटा रचून ठेवल्यात.
माझ्या कारकिर्दीत लोकांची तब्येत सुधारतेय आणि लिफ्टवरचा भार कमी होतोय. म्हणजे सेफ्टी वाढली. मॅनेजरना हे सांगितलं. ते म्हणाले, व्वा.
मी स्वतः पिंजऱ्यात बसत नाही. अधिकाऱ्याने खालीच असावं.
आता लिफ्टने फक्त दाजी जातात. गेल्या वर्षी गुडघ्यावर लोखंडी चॅनेल पडलं, तेव्हापासून त्यांचा उजवा पाय वाकत नाही. आणि त्यांचं काम चौदाव्यावर.

२६ मार्च. लंचनंतर.
जेवताना सुतार दाजींना म्हणाला, वेल्डर, तुम्ही त्यात बसू नका. थापीकाका पण म्हणाले. दाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, माझा मेव्हणा रोज तपासतो आणि सही करतो. कागद आहे. तुमच्या नाका-डोळ्यांवर चालू की माझ्या मेव्हण्याच्या सहीवर?
सगळ्यांचं जेवण थांबलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी प्यायलो. परत प्यायलो.
ऑलराउंडर असं कोणीच म्हणालं नाही.

२७ मार्च.
ताईचा फोन. म्हणाली, हे सांगत होते, तिथे सगळं तूच बघतोस. तू आहेस म्हणून मला आता घोर नाही रे. मी हो म्हणालो. ती म्हणाली, आवाज का असा येतोय? मी म्हणालो, रेंज.
झोप नाही लागली. डास.

२८ मार्च.
ठरलं. उद्या वर जाऊन एकदा बघून घेणार. काही नसणारच, पण बघितलेलं बरं.
आज जाणार होतो, पण हेल्मेटचा पट्टा सैल होता.

२९ मार्च, शुक्रवार.
गेलो. शिडीच्या शेवटच्या पायऱ्या डोळे मिटून.
दोर म्हणजे खूप तारांची वेणी असते. चाकापाशी ती वेणी सुटलीय. खराट्यासारखी. तुटलेल्या तारा बाहेर आल्यात. मोजायला लागलो, वीसनंतर सोडलं. हातमोजा लावून बघितला तर तुकडे हातमोज्यातच राहिले.
खाली जिन्याने आलो.
मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, तू बघायला गेलास कशाला? तुला सही सांगितली होती. मी म्हणालो, लिफ्ट बंद ठेवू. ते म्हणाले, फरशीचा माल चढला की आठ-दहा दिवसांत लिफ्ट उतरवायचीच आहे, आता नवा दोर कोण आणणार? मग रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं. ही सही कोणाची? माझी. ही? माझी. ही? ते म्हणाले, मग उगाच आवाज करू नकोस, सगळ्यात आधी तूच अडकशील.
सही खरंच भारदस्त दिसते.

३० मार्च, शनिवार.
अठरा रकाने. अठरा बरोबर. सही.
दाजींना सकाळीच सांगणार होतो. ते दाढी करत होते. ब्लेड हातात असताना नको म्हटलं.
साडेसातला ते पिंजऱ्यात शिरले. जाळीतून हात केला. मीही केला. नवव्यापाशी पिंजरा हिसका देऊन थांबला, मग निघाला. चौदावा आला तेव्हा कळलं की मी श्वास घेतला नव्हता.
लंचला सांगणार होतो. समोर सुतार बसला होता.
दिवसभरात दाजी तीनदा वर, तीनदा खाली. मी सहा वेळा मेलो.
संध्याकाळी खोलीवर सांगितलं. एका दमात. दाजी खाटेवर बसून गुडघ्याला तेल लावत होते. हात थांबला. म्हणाले, एकदाही बघितलं नव्हतंस? मी म्हणालो, नाही. ते म्हणाले, मग सही कसली करत होतास? मी म्हणालो, सगळे म्हणतात सही छान येते माझी.
वाटलं हसतील. त्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ताईला सांगू नका म्हणालो.

१ एप्रिल, सोमवार.
दाजी जिन्याने गेले. चौदा मजले, एक तास दहा मिनिटं. प्रत्येक मजल्यावर विटांवर बसायचे, पाय सरळ करायचे, उठायचे. त्यांची पेटी मी उचलली, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. मी मागे मागे गेलो. सातव्यावर म्हणाले, मागे येऊ नकोस, खाली जा. लिफ्ट चालू आहे अजून.
खाली फरशीवाले आले होते. दुसऱ्या साइटवरून, बारा जण, आणि दोन ट्रक फरशी. मॅनेजर म्हणाले, चावी लाव.
मी निर्णय घेतला. आयुष्यातला पहिला मोठा निर्णय. मागच्या बाजूला पार्किंगचा स्लॅब ओतत होते. तिथे गेलो आणि चावी ओल्या काँक्रीटमध्ये टाकली. गिलाव्यासारखं वरून सारखंही केलं. या साइटवर मी केलेलं पहिलं काम जे परत काढावं लागणार नाही.
मॅनेजरना सांगितलं, चावी हरवली. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत एका कड्यात तशाच पाच चाव्या होत्या.
म्हणाले, हेल्मेट काढ.

२ एप्रिल.
नवा सेफ्टीवाला नेमला. कालपर्यंत भिंतींवर पाणी मारायचा. पांढरं हेल्मेट घालून काचेत बघत होता. मी त्याला बाजूला घेतलं, दोराचं सगळं सांगितलं, हातमोजा दाखवला. तो म्हणाला, दादा, तुमची पोस्ट गेली म्हणून पोटात दुखतंय, समजतं मला.
मग फरशीवाल्यांना सांगायला गेलो. थापीकाकाही आले, तळवा उघडून. वायरमन आला. सुतार आला. फरशीवाल्यांचा मुकादम म्हणाला, अहो, आम्ही काय वेडे आहोत? आल्या आल्या आधी रजिस्टर बघितलं. तीन आठवडे रोज तपासणी झालीय. रोज सही आहे. एकही फुली नाही.
मी म्हणालो, ती सही माझी आहे, ती खोटी आहे. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. विचारलं, तुम्ही इथे काय काम करता?
मला पटकन सांगता येईना.
ते हसले आणि पिंजऱ्यात शिरले. सहा माणसं आणि फरशीची खोकी. सारखी आत सरकवून घेत होते, आणखी एक बसतंय का म्हणून. थापीकाकांनी मला कॉलरला धरून पिंजऱ्याखालून लांब ओढलं. मोटर सुरू झाली. साइटवरचा एकूण एक माणूस काम थांबवून वर बघत होता. चौदाव्यावरून दाजी पण वाकून बघत होते.
पिंजरा नवव्यापाशी थांबला. आतून कोणीतरी ओरडलं, काय झालं रे? मग निघाला.
पोचला.
मुकादमाने खाली राहिलेल्यांना सांगितलं, चला, पुढची खेप. मी ट्रकवाल्याला विचारलं, तो म्हणाला अजून चाळीस खेपा निघतील.