खत न घातलेली बांधी

इंदोरा, नागपूर
१९ एप्रिल १९७०

प्रिय बाई,

तुला आणि चंपतराव भाऊजींना सप्रेम जयभीम.

आधी माझं एक ऐक. हे पत्र गोपिकेकडून वाचून घेऊ नकोस. तू धान पाखडत बसतेस आणि ती उंबऱ्यावर बसून मामाचं पत्र मोठ्यानं वाचते, हे मला इथे बसून दिसतं. पण आज तिला पाण्याला पाठव, नाहीतर शेजारी धाड, आणि हे स्वतः वाच. चौथी पास झालेल्या माणसाला पत्र वाचता येतं, तुझी सवय तेवढी मोडली आहे. म्हणून मी अक्षर मोठं काढलं आहे. एका बैठकीत नाही झालं तर उद्या वाच, पण तूच वाच. शेवटी कुठे तिला हाक मारायची ते मी सांगेन.

तू एसटीने पाठवलेली लाखोळीची डाळ अजून पुरून राहिली आहे. घरमालकीण जिजाबाईंना वाटीभर दिली, तर म्हणाल्या, अशी बहीण असल्यावर माणसानं लग्न कशाला करावं. मी हसलो आणि डाळीचा डबा झाकून ठेवला. फेब्रुवारीत भाऊजी येऊन गेले, ते गोपिकेला आठवीसाठी माझ्याकडे ठेवून घेतो का हे विचारायला. मी काय उत्तर दिलं ते तुला कळलंच आहे. त्यानंतर आठवड्याभरातच तुझी डाळ आली. सोबत गोपिकेच्या अक्षरात चिठ्ठी, मामा, प्रकृतीला जपा. शाळेबद्दल अक्षर नाही. तू चार शिव्या लिहून पाठवल्या असत्यास तर बरं झालं असतं. त्या गोष्टीकडे मी येणारच आहे, पण सरळ यायला जीभ रेटत नाही, म्हणून वावराच्या वाटेनं येतो.

माझा अभ्यास कशाचा आहे असं तू मागे विचारलं होतंस आणि मी काहीतरी इंग्रजी शब्द तोंडावर फेकून मोकळा झालो होतो. तो एवढाच आहे, की धानाचं नवं बियाणं आणि हे पांढरं खत आपल्यासारख्या लहान शेतकऱ्याला परवडतं का. त्यासाठी रामटेककडच्या काही शेतकऱ्यांच्या वावरातल्या शेजारशेजारच्या दोन-दोन बांध्या घेतल्या. बियाणं एकच, रोवणी एका दिवशी, पाणी सारखं. एका बांधीला खत घालायचं, दुसरीला नाही. कापणी झाली की दोन्हींचं धान वेगवेगळं मोजायचं. दोन्हींत काही फरक पडला तर तो खताचा. बाबा गेल्यापासून आपलं वावर मायच पाहते, तेव्हा मी आपल्याही दोन बांध्या त्यात धरल्या. घरच्या वावरावर तरी आपला शब्द चालेल असं वाटलं. गावात थट्टा सुरू झाली, की रुपराव शहरात जाऊन धानाला उपाशी मारायचं शिकून आला. मायनं तर नावंच ठेवली, एक जेवती बांधी आणि एक उपाशी बांधी. मीही हसून तीच नावं वापरायला लागलो.

श्रावणात मी पाहायला गेलो तेव्हा उपाशी बांधी पिवळी पडली होती आणि जेवती हिरवीगार होती. मला आनंद झाला. खरंच सांगतो, आनंद झाला, कारण फरक दिसत होता आणि फरक दिसणं म्हणजे प्रबंध होणं. माय मात्र दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर उभी राहून पिवळ्या बांधीकडेच पाहत होती. खताचा दुसरा हप्ता भादव्यात घालायचा होता आणि तेव्हाच माझी परीक्षा होती. मी तिला पोतं दाखवलं, मुठीनं कसं फोकायचं ते सांगितलं, जेवतीलाच घाल, दुसरीकडे एक चिमूटही जाऊ देऊ नको असं बजावलं आणि नागपूरला निघून आलो.

कापणीला धान मोजलं तर बाकी सगळ्यांच्या वावरात मोठा फरक आणि आपल्या दोन्ही बांध्या जवळपास सारख्या. जेवती दुसऱ्यांच्या जेवतीहून कमी, उपाशी दुसऱ्यांच्या उपाशीहून जास्त. मी डोकं खाजवत बसलो. माती तपासली, पाणी इकडून तिकडे पाझरलं का ते पाहिलं. आमचे खानझोडे सर, ज्यांच्या हाताखाली मी प्रबंध करतो, ते कागद पाहून म्हणाले की हे आकडे वावराचे नाहीत, माणसाचे आहेत, घरी जाऊन विचार. मी दोन महिने टाळलं. मधे एकदा असंही मनात आलं, की आपल्या बांध्यांपुढे दुसऱ्यांसारखेच आकडे मांडून टाकावेत, कोण येतं पाहायला. तसा कागद मी लिहूनही काढला होता. पण सरांचा डोळा चुकवणं सोपं नव्हतं, म्हणून शेवटी मागच्या रविवारी गावी गेलो.

माय अंगणात तांदळातले खडे वेचत होती. मी विचारलं आणि तिनं लगेच सांगून टाकलं. तिच्या चेहऱ्यावर अपराध्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या हप्त्याचं खत तिनं सुपात घेऊन दोन्ही बांध्यांना सारखं वाटलं होतं. माझा तोल गेला, बाई. तू माझं वर्ष बुडवलंस, तुला काय कळतं यातलं, असं मी शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोललो. जिनं माझ्यासाठी लोकांच्या वावरात आयुष्यभर रोवणा केला तिला मी धानाबद्दल काय कळतं असं विचारलं. ती खडे वेचतच राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"रुप्या, एकाच घरचे दोन लेकरं. एकाले जेवू घालाचं अन् एकाले तसंच ठेवाचं, हे एक डाव केलं म्या. अंजनी अजून माह्या डोयापुढून जात नाही. आता वावरात बी तेच कर म्हणतं काय गा तू मले?"

मी एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. एसटीला पुष्कळ वेळ होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात तूच आहेस. तुझी शाळा चौथीला सुटली तेव्हा तुझी पाटी माझ्याकडे आली. तिच्या चौकटीवर तू सुईनं तुझं नाव कोरलं होतंस. मी ते चाकूनं खरवडून काढलं आणि माझं घातलं, हे तुला आठवतं का माहीत नाही. तू मायसोबत रोवण्याला जायचीस आणि मी धुऱ्यावर बसून धडा वाचायचो. चिखलात वाकल्या वाकल्या तू ऐकायचीस, आणि कविता माझ्याआधी तुला पाठ व्हायची. मी अडलो की खालून ओळ यायची. बाया हसायच्या, आणि मला राग यायचा.

आणि ते छप्पन साल. बाबा मला हाताला धरून नागपूरला दीक्षेला घेऊन गेले. तू घरी राहिलीस, कारण हलका धान कापणीला आला होता आणि शेरड्या राखायला कोणीतरी हवं होतं. परत आल्यावर बाबा ताठ मानेनं म्हणाले, आता लेकरं शिकवायची. तू भात वाढत होतीस. तू विचारलंस, मंग मी बी जाऊ काय शाळेत? बाबांनी भात कालवायला घेतला. ते वाईट नव्हते गं, त्यांच्या तोंडी लेकरं होतं आणि मनात मी होतो, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. त्या जेवणाच्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो आणि मला प्रश्न नीट ऐकू आला होता. मी ताटातून मान वर केली नाही. एवढ्याशा पोरानं काय केलं असतं म्हणशील. काही नाही. पण मला माझं बरं चाललेलं कळत होतं आणि ते बिघडू नये असं वाटत होतं, हे मी आज विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

माझ्या प्रबंधात एक प्रकरण शिक्षणावरही आहे. ज्या घरात शिकलेलं माणूस आहे ते घर नवं बियाणं लवकर घेतं, असं दाखवायचं आहे. घरोघरी जाऊन मी विचारलं, की तुमच्याकडे कोण शिकलं आणि त्याचा भार कोणी उचलला. आपल्या घराचा कागद मी गावी न जाता इथेच खोलीत बसून भरला. भार कोणी उचलला, या प्रश्नापुढे मी झटक्यात 'वडील' असं लिहिलं. तुझं नाव त्या कागदावर कुठेच नाही, कारण लग्न झालेली मुलगी कुटुंबात धरायची नसते असा आमचा नियम. तू रोवण्याला गेलीस म्हणून मी शाळेत गेलो, ही गोष्ट मांडायला त्या कागदावर जागाच नव्हती. आणि हा नियम कसा आला ते तुला सांगतो. प्रश्नांची ती यादी मीच तयार केली होती.

आता भाऊजींकडे येतो. ते आले त्या दिवशी मी त्यांना चहा पाजला, बसायला खुर्ची दिली, आणि खोली लहान आहे, प्रबंधाचं वर्ष आहे, पुढच्या वर्षी पाहू असं सांगितलं. पोरीच्या जातीला पुढचं वर्ष नसतं हे मी स्वतःच कॉलेजातल्या एका निबंधात लिहिलं आहे, त्याला बक्षीसही मिळालं होतं. भाऊजी समजूतदार माणूस. बरं म्हणाले, टोपी डोक्यावर ठेवली आणि उठले. जाताना सहज बोलले, की मग यंदा तिला आईसोबत रोवण्याला नेऊ, हात वळतील. मी त्यांना मोटार स्टँडवर पोचवायला गेलो, आणि वाटेत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. म्हणजे धुऱ्यावर उभं राहून पिवळ्या बांधीकडे समाधानानं पाहणारा मीच होतो, तेव्हाही आणि फेब्रुवारीतही.

परवा मी सरांना सगळं सांगितलं. खोट्या आकड्यांचा तो कागद फाडला आहे. सर आधी चिडले, आणि शेवटी म्हणाले की आपल्या बांध्या यादीतून काढ आणि आणखी एक हंगाम कर. मी म्हटलं, हंगाम करतो, पण मायच्या बांध्या काढणार नाही, झालं ते झालं तसं लिहीन. माझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपते. मी संध्याकाळच्या शिकवण्या धरल्या आहेत, तेव्हा त्याची काळजी तू करू नकोस. तुझी माफी मागायला हे पत्र लिहितो आहे असंही समजू नकोस. माफी मागितली की तू देऊन टाकशील, आणि मी पुन्हा मोकळा. मायची माफी मागितली तर ती म्हणेल, जेवला काय.

आता गोपिकेला हाक मार. पुढचं तिला वाचू दे, मोठ्यानं, तू धान पाखडताना वाचते तसं.

गोपिके, मामानं फेब्रुवारीत तुझ्या बाबांना नाही म्हटलं ते चुकीचं होतं. तू आठवीला नागपूरला येणार आहेस. शाळा पाहून ठेवली आहे, जिजाबाईंच्या मुली तिथेच जातात, आणि तू त्यांच्याच खोलीत झोपायचंस असं ठरलं आहे. मी जूनमध्ये तुम्हाला घ्यायला येतो. तुम्हाला म्हणतो, कारण नाव घालायला तुझ्या आईनंही यायचं आहे. शाळेच्या अर्जावर पालकाची सही लागते. ती मी करणार नाही आणि तुझ्या बाबांनीही करायची नाही. ती अंजनाबाईंनी करायची. त्यांना लिहिता येतं, अक्षर माझ्याहून चांगलं होतं, मी त्यांचीच पाटी घेऊन शिकलो. हात थोडा अडत असेल, तेव्हा आजपासून रोज संध्याकाळी त्यांच्याकडून नाव लिहून घे. चुकलं तर हसू नकोस. लहानपणी मी हसलो होतो.

तुझाच
रुपराव